तळहातावर घामेजलेलं दान

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी उपदेशाआधीच्या गीताला थैली फिरते. मरून मखमलीची, लांब लाकडी दांड्याला बसवलेली, तोंडाशी पितळी कडी. ती बाकाजवळ आली की माणसं काय करतात हे मी लहानपणापासून बघत आलो आहे. मूठ वळलेलीच ठेवायची, थैलीत मनगटापर्यंत घालायची आणि आत गेल्यावर उघडायची. दहाची नोट की पाचशेची, शेजारच्याला पत्ता लागता कामा नये. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं येशूनेच सांगितलंय, तेव्हा त्यात गैर काही नाही. पण डाव्या हाताला कळू द्यायचं नाही म्हणता म्हणता आपण आपल्या डोक्यालाही काही कळू द्यायचं बंद केलं, असं मला अलीकडे वाटतं. पैसे थैलीत पडले, आपण सुटलो. पुढचं पाळकसाहेब जाणोत, कमिटी जाणो, नाहीतर देव जाणो.

तीन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत एक निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या. कापणीच्या सणाला आमच्याकडे अजून लिलाव होतो. बाजरीची कणसं, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, कुणीतरी घरी केलेला केक. तीस रुपयांचा नारळ देवाच्या नावाने हजारावर जातो आणि घेणारा तो पुन्हा लिलावात टाकतो. बाईंचा प्रश्न साधा होता. या लिलावाचे पैसे कुठल्या खात्यात गेले आणि कशावर खर्च झाले? पुढच्या खुर्चीवरून एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "बाई, देवाच्या घरात हिशेब विचारत नसतात." आवाजात राग नव्हता, उलट माया होती. लहान मुलीची समजूत घालावी तशी. सभेने माना डोलावल्या. बाई बसल्या. माझ्याही मनात तोच प्रश्न होता आणि मीही गप्प बसलो.

ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. प्रेषितांनंतरच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनंतरच्या, दोन-तीनशे वर्षांत सामान्य विश्वासणाऱ्याने काय करावं याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. प्रार्थना, उपवास, आजाऱ्याची विचारपूस, परक्याला आसरा, हे सगळं त्यात आहेच. पण पारखणं, नेमणं, तपासणं आणि वेळ आली तर नाकारणं हेही त्यात आहे, आणि तेही हक्क म्हणून नव्हे, काम म्हणून. हे काम आपण टाकून दिलं आणि त्या टाकण्यालाच श्रद्धा म्हणू लागलो, असं माझं म्हणणं आहे.

१८७३ साली फिलोथिऑस ब्रिएनिऑस या ग्रीक धर्माधिकाऱ्याला कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका ग्रंथालयात १०५६ साली नकललेली एक पोथी सापडली. तिच्यात 'बारा प्रेषितांची शिकवण' म्हणजेच 'डिडाखे' हे चिमुकलं पुस्तक होतं. दहा वर्षांनी, १८८३ला, त्याने ते छापलं. मूळ लिखाण पहिल्या शतकाच्या अखेरीचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं मानतात. अर्ध्या तासात वाचून होतं. त्यात तत्त्वज्ञान कमी आणि घरगुती सूचना जास्त आहेत. बुधवार-शुक्रवार उपवास करा, दिवसातून तीनदा प्रभूची प्रार्थना म्हणा, शेजाऱ्याशी भांडण असेल तर ते मिटवल्याशिवाय रविवारी भाकरी मोडायला, म्हणजे प्रभुभोजनाला, येऊ नका.

पहिल्याच अध्यायात दानाबद्दल दोन वाक्यं लागोपाठ येतात. एक म्हणतं, मागेल त्याला दे आणि परत मागू नकोस. थोडं पुढे दुसरं म्हणतं, कोणाला देतो आहेस हे कळेपर्यंत तुझं दान तुझ्या हातात घामेजू दे. विद्वानांना हा विरोधाभास वाटतो. मला वाटत नाही. भर उन्हात नाणं मुठीत धरून उभा असलेला माणूस मला त्यात दिसतो. नाणं गरम झालंय, तळहात ओला झालाय. द्यायचं आहे हे नक्की, फक्त समोरच्याकडे नीट बघणं अजून चाललंय. देणाऱ्याने डोळे मिटून हात मोकळा केला, तर अर्धंच काम झालं. आणि घेणाराही सुटत नाही. गरज नसताना घेणाऱ्याला जाब द्यावा लागेल, शेवटची दमडी फेडेपर्यंत त्याची सुटका नाही, असं हेच पुस्तक सांगतं.

ही सावधगिरी हवेतून आलेली नाही. त्या काळी फिरते संदेष्टे आणि प्रेषित गावोगाव जात आणि विश्वासणाऱ्यांच्या घरी उतरत. त्यांना कसं ओळखायचं याचे डिडाखेतले नियम आजही कुठल्याही गावच्या माणसाला पटतील. फिरता प्रेषित आला तर प्रभू आल्यासारखं त्याचं स्वागत करा. एक दिवस राहील, गरज पडली तर दुसराही. तिसऱ्या दिवशी हलला नाही, तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या. पैसे मागू लागला, तर खोटा. आत्म्याच्या नावाने पंगत मांडायला लावून स्वतःच जेवायला बसला, तर खोटा. दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल, तर मात्र त्याला दोष देऊ नका. प्रेषित नसलेला साधा प्रवासी गावातच स्थायिक व्हायचं म्हणाला, तर त्याने काम करून खावं. न करणाऱ्यासाठी डिडाखेत एक खास शब्द आहे, ज्याचा अर्थ होतो ख्रिस्ताचा धंदा करणारा. यातलं एकही काम अध्यक्षाचं, म्हणजे बिशपाचं, नाही. दार उघडणाऱ्याचं आहे, चूल पेटवणारीचं आहे.

बाहेरच्या माणसाचीही साक्ष आहे. लुकियन हा दुसऱ्या शतकातला उपहासकार. पेरेग्रिनस नावाचा एक भोंदू काही काळ ख्रिस्ती लोकांत कसा मिरवला याची गोष्ट त्याने लिहिली. पेरेग्रिनसला अटक झाली तर पहाटेपासून तुरुंगाच्या दारात म्हाताऱ्या विधवा आणि अनाथ पोरं उभी, आत जेवणाचे डबे चाललेत, आशियातल्या दूरदूरच्या शहरांतून सामाईक निधीच्या खर्चाने माणसं आलेली. लुकियनचा शेरा असा, की कोणीही चलाख माणूस या भोळ्या लोकांत शिरला तर बघता बघता श्रीमंत होतो. तो हसतोय ते खरं, पण त्याच्या हसण्यात आपल्या पूर्वजांची दोन्ही अंगं दिसतात. देण्याची सवय इतकी पक्की होती की परक्यालाही ती दिसत होती, आणि फसवणूकही इतकी नेहमीची होती की डिडाखेला नियम करावे लागले.

हर्मास नावाच्या एका जुन्या लेखकाकडे वळण्याआधी एक कबुली. उपवासाच्या बाबतीत आपण ख्रिस्ती लोक हिंदू शेजाऱ्यांना हसतो, एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतो, आणि ईस्टरआधीच्या आपल्या चाळीस दिवसांच्या उपवासात मटण सोडून पनीरचे चार प्रकार करतो. हर्मास हा रोममधला, गुलामीतून सुटलेला साधा माणूस. पाळक नव्हता, बिशप नव्हता. दुसऱ्या शतकात त्याने आपल्या दर्शनांचं पुस्तक लिहिलं. त्यात उपवास कसा करायचा ते एका दूताने त्याला सांगितलंय. त्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घे. मग एरवी जे जेवला असतास त्याची किंमत काढ. ती रक्कम विधवेला, अनाथाला, गरजवंताला दे. उपवासाचं असं गणित मी दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही. भक्तीला वहीपेन्सिल लागते हे हर्मासला खटकत नव्हतं. त्याच्या पुस्तकात वेल आणि एल्म झाडाची उपमा आहे. तिकडे द्राक्षवेल एल्मवर चढवत, आपल्याकडे नाशिकला मांडवावर चढवतात तशी. एल्मला स्वतःचं फळ नाही, पण तो नसेल तर वेल जमिनीवर पडून नासते. श्रीमंत म्हणजे एल्म, गरीब म्हणजे वेल, कारण प्रार्थनेचं फळ गरिबाला येतं. थोडी गोडगोड उपमा आहे, खरं सांगायचं तर. पण विधवा-अनाथांच्या तोंडचा घास लुबाडणाऱ्या सेवकांची, म्हणजे मंडळीच्या डीकनांची, गोष्ट हाच हर्मास पुढे नाव घेऊन, म्हणजे त्यांच्या पदाचं नाव घेऊन, सांगतो. तिथे गोडवा नाही.

मग मंडळीचे पुढारी? डिडाखेच्या पंधराव्या अध्यायात सरळ सांगितलंय: तुमच्यासाठी अध्यक्ष आणि सेवक तुम्हीच नेमा, नम्र, पैशाचा लोभ नसलेले, खरे आणि पारखलेले. पारखायचं कोणी? ज्यांना नेमायला सांगितलं त्यांनीच.

उलट बाजूही मांडली पाहिजे. ख्रिस्ती लिखाणात 'लायकोस', म्हणजे लोकांपैकी एक, पाळक नसलेला, हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो एका दटावणीत. सन ९६च्या सुमारास रोमच्या मंडळीने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं. ते क्लेमेंटच्या नावाने ओळखलं जातं. करिंथमध्ये काहींनी वडीलजनांना, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पुढाऱ्यांना, पदावरून खाली ओढलं होतं. क्लेमेंट म्हणतो, याजकाला त्याचं काम आहे, लेव्याला, म्हणजे मंदिरातल्या सेवकाला, त्याचं, आणि लायकोसला त्याच्या मर्यादा. म्हणजे आपल्यासाठीचा शब्दच मुळी 'आपल्या जागी बसा' या सुरात जन्मला. वसईकडच्या कॅथलिकांनी त्याला 'प्रापंचिक' असा मराठी शब्द घेतला आहे. तो मला मूळ शब्दापेक्षा आवडतो. संसार करणारा, भाजीचा भाव माहीत असलेला माणूस त्यात दिसतो.

पण क्लेमेंटचं पत्र पूर्ण वाचलं तर ४४व्या अध्यायात दुसरं काही सापडतं. हे वडील सगळ्या मंडळीच्या संमतीने नेमले गेले होते आणि त्यांनी निर्दोषपणे सेवा केली होती, म्हणून त्यांना काढणं अन्याय आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. संमती नसती तर? सेवा निर्दोष नसती तर? क्लेमेंट ते बोलत नाही, पण त्याचं समर्थन ज्या दोन खांबांवर उभं आहे ते दोन्ही मंडळीच्या हातात आहेत. याच पत्रात थोडं पुढे एक वाक्य आहे, ते वाचलं की घसा कोरडा पडतो: आमच्यातल्या अनेकांनी स्वतःला गुलाम म्हणून विकलं आणि आलेल्या पैशातून दुसऱ्यांना जेवू घातलं. असल्या माणसांना 'मर्यादेत राहा' सांगणाऱ्याने मोठं धाडस केलं म्हणायचं.

फिलिप्पै या ग्रीक शहरातल्या मंडळीची गोष्ट तर आपल्या कानाला फारच ओळखीची वाटते. तिथला वालेन्स नावाचा वडील आणि त्याची बायको पैशाच्या लोभात घसरले. स्मुर्णाचा बिशप पोलिकार्प त्या मंडळीला लिहितो की मला फार दुःख झालं, पण त्यांना शत्रू समजू नका, वाट चुकलेले अवयव समजून परत आणा. प्रकरण झाकून टाका असं तो म्हणत नाही. पत्र सगळ्या मंडळीला आहे आणि नाव त्यात उघड लिहिलंय. रोममध्ये कल्लिस्तुस नावाच्या गुलामाने मालकाच्या पैशावर पेढी काढली, विधवांनी आणि बांधवांनी तिच्यात ठेवी ठेवल्या आणि पेढी बुडाली. बुडालेल्या पतपेढीच्या बंद शटरसमोर उभ्या असलेल्या ठेवीदारांचे चेहरे महाराष्ट्रात कोणाला आठवणार नाहीत? हाच कल्लिस्तुस पुढे रोमचा बिशप झाला. गोष्ट सांगणारा हिप्पोलितुस त्याचा कट्टर विरोधक होता, तेव्हा चिमूटभर मीठ घालून वाचावी.

आता माझ्या सभेतल्या त्या ज्येष्ठांकडे. मला वाटत होतं, त्यांचं वाक्य आपल्या भिडस्तपणातून आलं असेल. वाचता वाचता कळलं की त्याला अठराशे वर्षांचा आधार आहे. तिसऱ्या शतकात सिरियात 'डिडास्कालिया' नावाचं एक मोठं शिस्तीचं पुस्तक तयार झालं. त्यात विश्वासणाऱ्यांना सांगितलंय: दान बिशपाच्या हाती द्या, कोणाला किती गरज आहे ते त्याला ठाऊक असतं. आणि बिशपाकडे हिशेब मागू नका. तो कसं वाटतो, कधी, कोणाला, कुठे, नीट की वाईट, यावर पाळत ठेवू नका. त्याचा हिशेब घेणारा देव आहे.

वाचून मी पुस्तक मिटलं. ज्येष्ठ बरोबर, बाई चूक? दोन दिवस तसं वाटलं. मग दोन गोष्टी लक्षात आल्या. एक म्हणजे, जे कोणी करतच नाही त्याला मनाई कोण करतं? सिरियातल्या त्या मंडळ्यांमध्ये माणसं विचारत होती. कसं, कधी, कोणाला, कुठे, ही प्रश्नांची यादी लेखकाने घरी बसून रचलेली नाही, ती त्याने ऐकलेली आहे. दुसरं, याच डिडास्कालियाने बिशपावर लादलेलं ओझं हिशेब न मागणाऱ्यांना कधी कोणी वाचून दाखवत नाही. उपासना चालू असताना एखादा गरीब म्हातारा किंवा म्हातारी आली आणि जागा नसली, तर बिशपाने स्वतः उठून जागा करून द्यावी, स्वतःला जमिनीवर बसावं लागलं तरी. गुलामांना छळणाऱ्यांचा, अन्यायाने मिळवलेला पैसा घेऊ नये, त्यापेक्षा उपाशी मेलेलं बरं. ज्याला हिशेब मागू नका म्हणायचं आहे त्याने आधी पुढची गादीची खुर्ची सोडून चटईवर बसून दाखवावं, मग आपण बोलू.

परत केलेल्या पैशाचं एक उदाहरण खरंच आहे. काळ्या समुद्राकाठच्या पोंतातला जहाजमालक मार्किओन रोमच्या मंडळीत आला तेव्हा त्याने २,००,००० सेस्तेर्तियस (रोमी नाणी) इतकी मोठी रक्कम दिली. पुढे त्याची शिकवण मान्य झाली नाही आणि सन १४४च्या सुमारास त्याला बाहेर काढलं, तेव्हा पैसेही परत केले. हे कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियन सांगतो. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी आधी बसवून मग तो कोण आहे याची चौकशी करणाऱ्या काळात राहून हे वाचायला गंमत वाटते.

डिडास्कालिया हा एकच आवाज नव्हता. साधारण त्याच शतकात, सन २५४च्या सुमारास, स्पेनमधल्या दोन मंडळ्यांनी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला पत्र लिहून सल्ला विचारला. त्यांच्या बासिलिदेस आणि मार्तियालिस या बिशपांनी रोमी सम्राट देकियुसने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात मूर्तीला बळी दिल्याचे खोटे दाखले मिळवून जीव वाचवला होता. मंडळ्यांनी त्यांच्या जागी दुसरे नेमले. मग बासिलिदेसने रोमला जाऊन तिथल्या बिशपाकडून आपलं पद परत मिळवल्याचा हुकूम आणला. ऐकायचं कोणाचं? कार्थेजचा बिशप किप्रियान आणि त्याच्याबरोबर जमलेल्या आफ्रिकेच्या बिशपांनी उत्तर पाठवलं. योग्य याजक निवडण्याची आणि अयोग्य नाकारण्याची शक्ती मुख्यतः लोकांकडे आहे, असं ते म्हणतात. त्याही पुढे जाऊन ते म्हणतात, की पापी पुढाऱ्याच्या मागे जाणाऱ्या लोकांनी आपल्याला त्याचा विटाळ लागत नाही अशा भ्रमात राहू नये.

किप्रियान हा बिशपाचा अधिकार कमी करणारा माणूस नव्हता. बिशपाशिवाय मंडळी नाही असं छातीठोक सांगणारा होता. त्याने हे लिहावं यात त्याचं वजन आहे. आपण नेहमी म्हणतो, आम्ही साधी माणसं, वरच्यांनी काय केलं ते त्यांच्या माथी. किप्रियान ही सोय ठेवत नाही. तुम्ही बघत होता, तुम्हाला कळत होतं, तुम्ही माना डोलावल्या. मग वाटा तुमचाही. शिवाय हे त्याने नुसतं पत्रात लिहिलं असं नाही. बिशप झाल्यापासून वडिलांचा सल्ला आणि लोकांची संमती घेतल्याशिवाय एकट्याच्या मताने काही करायचं नाही असं मी ठरवलं, असं तो आपल्याच मंडळीतल्या वडीलजनांना आणि सेवकांना कळवतो.

यावर कोणी ऑगस्टीनचं, किप्रियाननंतर दीडएकशे वर्षांनी आफ्रिकेतच झालेल्या बिशपाचं, नाव काढील. काढावंच. किप्रियानचा हा धागा पकडून दोनातवादी, म्हणजे आफ्रिकेतला फुटून निघालेला एक ख्रिस्ती पंथ, पुढे इतके ताणले की याजक अशुद्ध असेल तर त्याने दिलेला बाप्तिस्माही खोटा म्हणू लागले, आणि ऑगस्टीनने त्यांना खोडून काढलं: देणारा ख्रिस्त आहे, माणसाच्या पापाने संस्कार बाटत नाही. मला हे पूर्ण मान्य आहे. बाप्तिस्मा देणारा पापी असला तरी बाप्तिस्मा खरा. पण त्यावरून जमाखर्च खरा ठरत नाही. ऑगस्टीनचं उत्तर जॉर्डनच्या पाण्याबद्दल आहे, लिलावाच्या नारळाबद्दल नाही. आपल्याकडे एकाचा आडोसा घेऊन दुसरं लपवतात.

मग सगळा पैसा एका हाती कसा गेला? त्यात कोणाची वाईट बुद्धी होती असं मला वाटत नाही. सन १५५च्या आसपास युस्तिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो, की रविवारी ऐपतीच्या माणसांनी आपल्या मर्जीने दिलेलं अध्यक्षाकडे ठेवतात आणि तो अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांची काळजी घेतो. कार्थेजमध्ये १९७च्या सुमारास तेर्तुल्लियन सांगतो: आमच्याकडे पेटी आहे, महिन्यातून एकदा किंवा वाटेल तेव्हा, जमेल त्याने, छोटंसं नाणं टाकायचं, सक्ती नाही. पैसा जेवणावळींवर जात नाही. गरिबांना जेवण आणि मूठमाती, पोरकी मुलंमुली, घरात अडकलेले म्हातारे, गलबत फुटून आलेले, खाणीत किंवा बेटावर शिक्षा भोगणारे, यांच्यासाठी जातो. तेर्तुल्लियन हे रोमी सत्ताधाऱ्यांना सांगतोय. बाहेरच्यांपुढे हिशेब मांडायला त्याला लाज वाटत नव्हती, तो त्याच्या अभिमानाचा विषय होता. २५१पर्यंत रोमच्या मंडळीत बिशप कर्नेलियुसच्या पत्रानुसार ४६ वडील, ७ सेवक आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या विधवा व गरजू १५००हून जास्त होते. हातात नाणं घामेजवत पंधराशे दारांत कोण जाणार? यादी लागते, कोठार लागतं, कारभारी लागतो. ते मला समजतं. कारभारी ठेवल्यावर आपण बघायचंच सोडून द्यावं, हे मात्र समजत नाही.

पुढे काय झालं ते ३९०च्या सुमारास सिरियातल्या अंत्युखियात योहान क्रिसोस्तोम या नामांकित प्रवचनकाराने लोकांना तोंडावर सुनावलं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानावरच्या प्रवचनांत तो म्हणतो, की तुमच्या कंजूषपणामुळे मंडळीला शेतं, घरं, भाडी, गाड्या आणि खेचरं बाळगावी लागली. ज्यांनी प्रार्थना आणि शिकवण करायची ते याजक आता द्राक्षं उतरवण्याच्या, धान्य विकण्याच्या आणि भाडी गोळा करण्याच्या कामात अडकलेत. आपल्याकडे जुन्या मिशन कंपाउंडांच्या जमिनी, भाडेकरूंचे दावे आणि कोर्टाच्या तारखा यांत बुडालेल्या मंडळ्या ज्यांना माहीत आहेत त्यांना हे प्रवचन गेल्या रविवारचं वाटेल. क्रिसोस्तोम याजकांना वाचवत नाही, पण बोट आधी बाकांकडे रोखतो. त्याने उपायही घरगुती सांगितला. घरात जिथे प्रार्थनेला उभे राहता तिथे गरिबांसाठी एक छोटी पेटी ठेवा. आधी तिच्यात टाका, मग प्रार्थना करा. आणि गरिबांच्या त्या पैशाचे कारभारी तुम्हीच व्हा.

बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना 'राजकीय याजकगण' म्हटलं आहे. आपल्या भाषांतरात हा शब्द शंभरावर वर्षं बसला आहे आणि आज नवीन माणूस तो वाचून निवडणुकीचं तिकीट आठवतो. अर्थ राजाचे याजक असा आहे, म्हणजे सगळेच. हे मराठीत ज्यांनी मनावर घेतलं ते बहुधा पुढाऱ्यांना जड गेले. १८८३ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी, माझा सद्सद्विवेक माझा आहे, पुरोहितांचं एक जोखड कष्टाने उतरवलं ते दुसरं मानेवर घेण्यासाठी नाही, या अर्थाचं आपल्या धर्ममातेला पत्रातून ठणकावलं. नंतर केडगावला बसून मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर पुरं केलं. कोणाकडे हिशेब मागायचा तर तो आधी मूळ मजकुराकडे, असा त्यांचा खाक्या. नारायण वामन टिळकांनी १९१७ला मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. दोघांवरही श्रद्धा कमी असल्याचा आरोप कोणी करू शकणार नाही.

कायद्याने तर आज मार्ग सोपा आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०पासून आहे, नोंदलेल्या विश्वस्त संस्थेला दरवर्षी हिशेब तपासून घ्यावेच लागतात. पण कायदा हक्क देतो आणि हक्क वापरला नाही तरी कोणी विचारत नाही. डिडाखे आणि किप्रियान ज्याबद्दल बोलतात ते न केल्याबद्दल आपल्यालाच विचारलं जाणार आहे. त्या बाई सभेत हक्क बजावत नव्हत्या. त्या आपल्या वाटणीचं काम करत होत्या आणि आम्ही दीडशे माणसांनी ते त्यांना एकटीला करायला लावलं.

पुढच्या वर्षी मी आणि आणखी तिघांनी कमिटीला लेखी पत्र दिलं. कोणी फारसं वाईट वाटून घेतलं नाही, हे सांगायला हवं. नव्या खजिनदारांनी दोन पानी जमाखर्च टाइप करून घेतला, लिलावाची रक्कम वेगळ्या ओळीत दाखवली आणि १२० प्रती काढून दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या. एका ठिकाणी बेरीज ४०० रुपयांनी चुकली होती, ती त्याच बाईंनी दुपारी फोन करून दाखवून दिली. उपासना संपल्यावर मी मुद्दाम टेबलापाशी थांबलो. लोक चपला शोधत होते, चहाच्या रांगेत जात होते, एकमेकांना ख्याली-खुशाली विचारत होते. तीसेक प्रती गेल्या. उरलेल्या पुढच्या रविवारीही तिथेच होत्या, आणि त्याच्या पुढच्या रविवारी संडे स्कूलच्या पोरांनी त्यांच्या कोऱ्या पाठीवर नोहाचं तारू काढलं होतं.